मधला मल्लिकार्जुन

सत्कार विरूचा होता, हार विरूच्या गळ्यात होता, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बापाच्या पोटात मात्र मघापासून काहीतरी जळत होतं. बासुंदीमुळे असेल, असं मल्लिकार्जुन हत्तरकीने स्वतःला सांगून पाहिलं. पण बासुंदी अजून वाढलीच नव्हती.

कोल्हापूरच्या पंप कारखानदारांनी सगळं सभागृह भरून टाकलं होतं. कौतुक होतंच तसं. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या मागच्या खोलीत बसून एकतीस वर्षांच्या पोराने माणसाच्या हृदयात बसवायची झडप तयार केली होती. तोवरच्या धातूच्या झडपांवर रक्त साकळायचं, म्हणून रुग्णाला जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या खाव्या लागायच्या. विरूच्या झडपेवर रक्त साकळत नव्हतं. पुढच्या महिन्यात पुण्याच्या एका इस्पितळात ती पहिल्यांदा माणसाच्या छातीत बसणार होती. रुग्ण ठरलेली होती, बावीस वर्षांची एक खो-खो खेळणारी मुलगी.

अध्यक्षांनी पडद्यावर विरूची सरकारी नोंद लावली आणि सभागृहात खसखस पिकली. पडद्यावर लिहिलं होतं: विरूपाक्ष मल्लिकार्जुन हत्तरकी, यंत्र अभियंता, कोल्हापूर. पेटंटं सात. पहिलं पेटंट, सन २००५.

"जन्माच्या आधी अकरा वर्षं!" मागून कुणीतरी ओरडलं.

अध्यक्ष मुरलेले होते. ते म्हणाले, "मंडळी, हसू नका. आपण जे तीस वर्षं म्हणतोय ते यंत्राला आज कळलं. आप्पाच परत आलेत!"

टाळ्या थांबेचनात. विरू हसत होता. शेजारी बसलेली महानंदा, मल्लिकार्जुनची बायको, पदराने डोळे टिपत होती. टाळ्या मल्लिकार्जुननेही वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला?

हत्तरक्यांच्या घरात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे विरूपाक्षचा मुलगा मल्लिकार्जुन, मल्लिकार्जुनचा मुलगा विरूपाक्ष, आणि मधे बापाचं नाव घालून पूर्ण नाव लिहिलं की एक पिढी सोडून पुन्हा तोच माणूस. आप्पा, म्हणजे मल्लिकार्जुनचे वडील विरूपाक्ष, गेले आणि वर्षाच्या आत हा मुलगा झाला. बारशाला आलेला प्रत्येक जण पाळण्यात वाकून "आप्पा आले, आप्पा आले" म्हणत होता. पेढे वाटत फिरणाऱ्या मल्लिकार्जुनला तेव्हाही वाटलं होतं, अरे, मला मुलगा झालाय, कुणीतरी तसं म्हणा की.

भाषणं चालू असताना त्याने फोनवर स्वतःचं नाव घालून पाहिलं. मल्लिकार्जुन विरूपाक्ष हत्तरकी. एक नोंद सापडली: बॉयलर चालवायचा परवाना, १९७१ साली रद्द. तो परवानाही त्याचा नव्हता, त्याच्या आज्जाचा होता.

"अहो, पोराचं एवढं कौतुक चाललंय आणि तुमचं तोंड असं का?" महानंदा कुजबुजली.

"पोराचं कुठं? आप्पांचं चाललंय," तो म्हणाला.

आता ही नोंद काय प्रकार होता, ते सांगायला हवं. दहाएक वर्षांपूर्वी यंत्रं स्वतःच शोध लावायला लागली. संध्याकाळी अडचण सांगावी, सकाळी पन्नास उपाय आकृत्यांसकट हजर. पेटंटच्या अर्जांचा असा लोंढा आला की खरा शोधक कोण आणि यंत्राचं ताट पुढे सरकवणारा कोण, हे कळेना. तेव्हा कायदा झाला: पेटंट माणसालाच, आणि ते आपल्याच डोक्यातून आलंय हे त्याने सिद्ध करायचं. त्यासाठी 'कर्तापट' नावाची व्यवस्था आली.

कर्तापट भाषा बघत नसे, कारण भाषा आता कुणीही कुणाकडूनही लिहून घेई. तो विचारांचा क्रम बघे. गळकं भांडं हातात दिलं तर एक माणूस आधी भोक शोधतो, दुसरा आधी पाणी दुसऱ्या भांड्यात ओततो, तिसरा भांडं उलटं करून बुडाकडून सुरुवात करतो. कुठलीही वस्तू घडवताना माणूस अशा हजारो बारीक निवडी करतो. काय अडचण मानायची, काय सोडून द्यायचं, हात आधी कुठे घालायचा. त्या सगळ्या मिळून ज्याचा त्याचा ठसा बनतो, आणि तो वय वाढलं तरी फारसा बदलत नाही. त्याला म्हणत विचारठसा. माणसाच्या जुन्या कामांवरचा ठसा नव्या कामावर सापडला की काम त्याचंच.

कर्तापटाने देशभरातल्या जुन्या नोंदी नावावरून गोळा केल्या. आप्पांची सहा पेटंटं आणि विरूचं एक. नाव तेच, गाव तेच, उद्यमनगरातला पत्ता तोच, धंदा झडपांचाच. पेटंटच्या नोंदींत, जुन्या काय किंवा नव्या काय, जन्मतारीखच नसे, त्यामुळे यंत्राला संशय यायचं कारण नव्हतं. शिवाय २००५ सालच्या फूटव्हॉल्व्हवरचा ठसा आणि हृदयाच्या झडपेवरचा ठसा अगदी एकच निघाला; एक काम जुळलं की पुरे, बाकीची पाच यंत्राने तपासलीच नाहीत. मग काय, यंत्राने आजोबा आणि नातू शिवून एक माणूस केला.

आणि तो फूटव्हॉल्व्ह मल्लिकार्जुनचा होता.

फूटव्हॉल्व्ह म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी बसणारी झडप. पंप बंद झाला की पाइपातलं पाणी तिने धरून ठेवायचं. पूर्वीच्या झडपांत वाळूचा एक खडा अडकला की पाणी खाली निसटायचं आणि शेतकरी कळशीने पाइप भरत बसायचा. एकोणीस वर्षांचा मल्लिकार्जुन हुपरीजवळच्या एका विहिरीच्या काठावर पालथा पडून हे बघत होता, आणि त्याला सुचलं की परत जाणाऱ्या पाण्याशी भांडायचंच कशाला? झडपेच्या पानाच्या मागे एक खाच ठेवावी, म्हणजे परतणारं पाणी तिथे गिरकी घेईल, खडा धुऊन काढेल आणि जाता जाता स्वतःच दार लावून घेईल. घरच्या फौंड्रीच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत दुकानाच्या, फरशीवर त्याने ते खडूने काढून आप्पांना दाखवलं. आप्पा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चहा सांग."

त्यानंतर पेटंट आलं ते आप्पांच्या नावाने. मल्लिकार्जुनने एकदाच विचारलं. आप्पा म्हणाले, "मालावर नाव दुकानाचं असतं." झालं. पुढे आप्पांना बक्षिसं मिळाली, आप्पांच्या नावाचा चौक झाला, आणि मल्लिकार्जुनने चाळीस वर्षं ती खाच पाहुण्यांना, सोयऱ्यांना, बायकोला, आणि झोपताना गोष्ट म्हणून विरूला सांगितली. विरू लहान होता तोवर डोळे मोठे करून ऐकायचा. मोठा झाल्यावर नुसताच ऐकायचा.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी दुकानात विरू म्हणाला, "पप्पा, राहू दे की. कुणाच्या तरी नजरेला येईल, होईल दुरुस्त. आज्जांचं माझ्या नावाला चिकटलं तर बिघडलं कुठं?"

"तुमचं कशाला बिघडंल! तुम्ही दोघं मिळून एक झालासा. मधला कुठं गेला?"

"मधला हाय की माझ्यासमोर," विरू हसून म्हणाला आणि भट्टीकडे गेला.

हे हसणंच मल्लिकार्जुनला लागलं. मेलेल्या बापाचा हेवा करायची त्याला सवय झाली होती; तो जुन्या गुडघेदुखीसारखा होता, दुखायचा आणि माणूस चालत राहायचा. पण पोटच्या पोराचा हेवा वाटतो हे मनाशी कबूल करायलाही लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून तो काही कमी होत नाही. विरूला सगळं मिळालं होतं. शिक्षण, नाव, टाळ्या, आणि वर आप्पाही. जे हयातीत मल्लिकार्जुनचे झाले नाहीत, ते आप्पा मेल्यावर याच्या खात्यात जाऊन बसले होते.

दुपारी विरू बाहेर गेल्यावर त्याने कर्तापटावर हरकत नोंदवली. दोन विरूपाक्ष वेगवेगळे आहेत आणि फूटव्हॉल्व्हचा खरा कर्ता हरकतदार आहे, एवढंच लिहिलं. आपण फक्त चूक दुरुस्त करतोय, असं तो स्वतःला बजावत होता. पण खोटं कशाला सांगा, पाठवायचं बटण दाबताना त्याला फार गोड वाटलं.

आठवडाभरात विरूचं पेटंट स्थगित झालं. कर्ता ठरेपर्यंत झडपेची जबाबदारी कुणाची ते कळेना, म्हणून इस्पितळाने शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

विरू दुकानात आला तो दारातच थांबला. "पप्पा, हरकत तुम्ही घातलीसा?"

"चूक होती. दुरुस्त केली."

"चूक होती, पण माझं पेटंट तिच्यावरच उभं होतं! मलाही आज कळलं. माझं आधीचं काम काय हाय? काहीच न्हाई. यंत्रानं आज्जांची कामं माझी धरली, ठसा जुळवला आणि मला माणूस म्हणून पास केलं. आता आज्जा वेगळे निघाले. ठसा जुन्या माणसाचा आणि अर्ज माझा. ते म्हणतायत, मी आज्जांची पेटंटं कुठल्यातरी यंत्राला चारली आणि झडप काढून घेतली."

एवढा पुढचा विचार मल्लिकार्जुनने केला नव्हता. हेवा करणारा माणूस एका वेळी एकच गोष्ट बघतो.

"मी देतो की परीक्षा," तो म्हणाला. "फूटव्हॉल्व्ह माझा हाय. ठसा माझा निघंल आणि सगळंच स्वच्छ होईल."

"परत फूटव्हॉल्व्ह?" विरू म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "तिकडं त्या पोरीचं हृदय बंद पडायला आलंय, पप्पा."

महानंदा दोघांचे डबे घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं. डबे ठेवून ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "पुण्याला जा आणि माझ्या पोराचं नीट करून या. तुमचं नंतर बघू."

पुण्याच्या कार्यालयात मल्लिकार्जुनला एका खोलीत बसवलं. समोर कोरे कागद, पेन्सिल, आणि एकामागून एक अडचणी. वाऱ्याने आपटणारं फाटक. जनावरांच्या हौदातला गाळ. एका हाताने उघडायची बरणी. उत्तर बरोबर येण्याला महत्त्व नव्हतं. तो कुठून सुरुवात करतो, काय खोडतो, हे छताला बसवलेलं यंत्र टिपत होतं. मल्लिकार्जुन रंगून गेला. साठी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारत होतं की बाबा, तू विचार कसा करतोस? हौदाचं चित्र काढताना तो चक्क गुणगुणत होता.

संध्याकाळी निवाडा अधिकारी केळुसकर मॅडमनी बापलेकांना समोर बसवलं. बाई तुटक बोलायच्या, पण खडूस नव्हत्या.

"हत्तरकी, फूटव्हॉल्व्ह तुमचा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांची उरलेली पाच कामं निराळ्या माणसाची आहेत, त्यांचीच असणार. पण फूटव्हॉल्व्हवर ठसा तुमचा. शंकेला जागा नाही."

मल्लिकार्जुनने डोळे मिटले. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य हे होतं. आप्पा समोर असते तर त्याने त्यांना चहा सांगायला लावला असता.

"आणि हृदयाची झडपही तुमचीच आहे," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"ठसा एकच आहे. यातही पानाच्या मागे खाच आहे, तिथे रक्त गिरकी घेतं म्हणून साकळत नाही. त्या खाचेमागचा विचार, त्याचा क्रम, सगळं तुमचं. तुम्ही इथे सही केलीत की दोन्ही कामं तुमच्या नावावर चढतील. मुलाचा अर्ज रद्द होईल. खोट्या कर्तेपणाबद्दल पाच वर्षं त्याला नवा अर्ज करता येणार नाही."

विरू टेबलाच्या कडेकडे बघत होता. तसाच तो म्हणाला, "अभिनंदन, पप्पा." त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. "असेलही तुमचंच. मी तुमच्याच बाकावर बसून वाढलो. माझं काय आणि तुमचं काय, मला तरी कुठं सांगता येणार हाय?"

आणि मल्लिकार्जुनला ते हवं होतं. क्षणभरच, पण अगदी मनापासून हवं होतं. दोन पेटंटं, त्याच्या नावाची नोंद, सभागृह, हार, आणि मागून कुणीतरी ओरडतंय की हा खरा माणूस. हृदयाला कप्पे किती हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. विरूने मोडून फेकलेले नमुने त्याने टोपलीत पाहिले होते. डुकराचं रक्त पाइपातून फिरवत बसलेल्या पोराला त्याने नाक दाबून बाहेर हाकललं होतं. हे सगळं ठाऊक असूनही पेन त्याच्या हातात होतं.

त्याने विरूकडे पाहिलं. टेबलाच्या कडेकडे असं बघत राहणं त्याला ओळखीचं होतं. आप्पांनी पेटंटच्या कागदावर सही केली तेव्हा एकोणीस वर्षांचा मल्लिकार्जुन त्यांच्या टेबलाच्या कडेकडे असाच बघत उभा होता. आप्पांनी मान वर केली नव्हती.

त्याने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, ठसा चुकतो का हो कधी?"

"आजवर चुकलेला नाही. ज्याचं काम नाही त्याचा ठसा त्यावर सापडलाय, असं एकही उदाहरण नाही."

"आणि एक सापडलं तर?"

केळुसकर मॅडमनी चष्मा काढला. "तर म्हणावं लागेल की ठसा घरातून घरात उतरू शकतो. बापाची कानस धरायची पद्धत मुलात उतरते, तशी. मग नुसत्या ठशावरून तुमच्या मुलाला खोटं ठरवता येणार नाही. त्याने प्रयोगांची चित्रणं दिली आहेत, नमुने दिले आहेत. ते पुरेसे होतील. पण उदाहरण हवं."

"हाय की उदाहरण. मीच हाय," मल्लिकार्जुन म्हणाला. "फूटव्हॉल्व्ह माझा न्हाई."

विरूने मान वर केली.

"हरकतीत तर तुम्ही लिहिलंय..." मॅडम म्हणाल्या.

"हरकत खोटी होती. पोराचा सत्कार बघून जळफळाट झाला, आणि घातली." निम्मं खरं असल्यामुळे वाक्य सहज आलं. पुढचं मात्र ओढून काढावं लागलं. "त्या साली मला कावीळ झालेली. मी इचलकरंजीला आत्याकडं पडून होतो. विहिरीवर आप्पा एकटे गेले होते. खाच त्यांनी काढली, डोकं त्यांचं. मी नंतर नुसतं बघून बघून शिकलो. म्हणून ठसा माझा वाटतोय तुम्हाला."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "हत्तरकी, शपथेवर खोटं सांगणं गुन्हा आहे. आणि एकदा नाकारलेलं काम पुन्हा कधीच मागता येत नाही. तुमच्यामागे तुमच्या नातवालाही नाही."

"माहीत हाय."

"वडिलांच्या उरलेल्या पाच कामांशी हे जुळत नाही, ते मला दिसतंय. पण मूळ नोंद पहिल्यापासून तुमच्या वडिलांच्याच नावावर आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि हातात आलेलं श्रेय सोडून देणाऱ्या माणसाचा जबाब कायदा खरा धरतो. कोण कशाला असं खोटं बोलेल?" शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला, पण उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

मल्लिकार्जुनने हात वर करून शपथ घेतली आणि सही केली. पूर्ण नाव लिहिताना बापाचं नाव मधे आलं, ते त्याने नेहमीपेक्षा जरा घाईने लिहिलं.

परतताना गाडी आपली आपण चालत होती आणि दोघांना करण्यासारखं काही नव्हतं. विरूने इस्पितळाला फोन केला, मग आईला, मग पुन्हा इस्पितळाला. शस्त्रक्रियेची नवी तारीख मिळाली होती. कराडच्या अलीकडे ते चहाला उतरले. विरू काउंटरवर उभा राहून वडे सांगत होता, मोठ्याने बोलत होता, अनोळखी माणसांशी हसत होता.

मल्लिकार्जुन बाकावर बसून त्याच्याकडे बघत होता. आता तरी हेवा संपायला हवा होता. तो संपला नव्हता, उलट नवा निघाला होता. या पोराला असा बाप मिळाला की ज्याने ऐन वेळी पेन खाली ठेवलं. मल्लिकार्जुनला तसा मिळाला नव्हता. आणि पोराला हे कधी कळणारही नव्हतं.

विरू बशी घेऊन आला, शेजारी बसला. बापाच्या खांद्यावर त्याने हात टाकला, कॉलेजात गेल्यापासून त्याने असा टाकला नव्हता.

"पप्पा, एक विचारू? रागवू नका."

"बोल."

"मला आधीपासून वाटायचंच. पण तुम्ही इतकं रंगवून सांगायचा, ती विहीर काय, पालथं पडणं काय, खडूची चित्रं काय." तो हसला. बरं वाटल्यावर माणूस हसतो तसं, अगदी मोकळं. "मग इतकी वर्षं थापाच मारत होता व्हय आम्हाला?"

चहा गरम होता. मल्लिकार्जुनने बशीत ओतला, फुंकर घातली.

"व्हय," तो म्हणाला.